नऊचा पाढा आणि माझा आठ

ऑफिसात मी नेमकं काय करते, हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधीच नीट कळलं नाही. जन्मभर कोर्टात नोकरी केलेला माणूस. कागद दिसला, शिक्का दिसला, की काम झालं असं त्यांना वाटायचं.

"सगळे कंप्यूटर एकमेकांना जोडते," मी सांगायची.

"म्हणजे वायरमन."

"नाही हो अण्णा, प्रत्येकाला नंबर देते."

"नंबर तर आमचा शिपाईपण देतो. पुकारापण करतो वर."

असं झालं की मी ताटावरून उठायची. राग माझ्या नाकावर, आणि नाक आमच्या घराण्याचं, म्हणजे बसायला जागा भरपूर. आई मागून ओरडायची, "अगं ताक तरी पिऊन जा!" मी ताक प्यायची आणि पुन्हा रागवायची.

खुल्या धोरणाची हवा नवीनच होती तेव्हा. काल जिथे टाइपरायटिंगचे वर्ग होते तिथे आज 'कंप्यूटर शिका'ची पाटी. आमचं ऑफिस हैदराबादेत, नारायणगुड्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासता तपासता यंत्रात बडबडत, ती बडबड आमच्याकडे येई, मुली कानाला हेडफोन लावून ती टाइप करत आणि टाइप केलेलं परत अमेरिकेला जाई. तिकडे कुणाला मूळव्याध झाली की इकडे आमची चूल पेटे. अंबरपेठेतून मी माझ्या मोपेडवर यायची, आणि जिन्यात चढतानाच हाकांना सुरुवात व्हायची.

"मॅडम, चौकट आली!"

ही चौकट काय ते सांगते. ऑफिसातल्या प्रत्येक कंप्यूटरला एक पत्ता असतो. लांबलचक आकडा, पण आमच्यात सगळ्यांचा पुढचा भाग सारखाच. शेवटचा नंबर तेवढा ज्याचा त्याचा. गल्ली एक, घर नंबर वेगळे. आता दोन घरांनी एकच नंबर लावला तर पोस्टमननं काय करावं? आमचा पोस्टमन सरळ होता. जो सकाळी आधी चालू झाला, नंबर त्याचा. मागून येईल त्याच्या स्क्रीनवर चौकट: हा पत्ता दुसऱ्याने घेतलेला आहे. मग बसा टाळ कुटत. नंबर मी वाटले होते, बसायच्या जागेप्रमाणे, एक दोन तीन चार, आणि प्रत्येकाच्या मॉनिटरवर चिकटवलेही होते. भांडणाचं काही कारणच नव्हतं. तरी भांडण रोज.

आणि हे सगळं नेमकं तेव्हा, जेव्हा माझी नोकरी टांगणीला लागली होती. मी अजून पक्की नव्हते. आमचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, अमेरिकेत राहून परत आलेले तेलुगू गृहस्थ. हिंदी, इंग्रजी आणि तेलुगूची खिचडी बोलत. मी ती इथे मराठीत वाढते. त्यांनी मला बोलावून ड्रॉवर उघडून दाखवला. आत माझं पक्कं केल्याचं पत्र, टाइप केलेलं, फक्त सही बाकी.

"अम्मा, तिकडून गोरा साहेब येतोय काम बघायला. त्याला काम आवडलं तर आपण दुप्पट होऊ. त्याच्यासमोर ती चौकट आली नाही तर सही. आली तर..." त्यांनी ड्रॉवर बंद केला.

घरी अण्णांचं वेगळंच. त्यांच्या एका वकील मित्राला अॅफिडेव्हिट टाइप करायला माणूस हवं होतं. "दसऱ्यापर्यंत पक्की झालीस तर ठीक. नाहीतर त्यांच्याकडे बसायचं. इज्जतीचं काम आहे." मला त्या काळ्या कोटांच्या खोलीत जन्म काढायचा नव्हता. मला माझ्या वायरी आवडायच्या. सगळ्या वायरी जिथे एकत्र येत त्या भिंतीवरच्या डबीतले हिरवे दिवे लुकलुकायला लागले की जीव हरखायचा माझा. खरंच सांगते, देवघरातल्या निरांजनाकडे मी कधी तसं पाहिलं नाही.

तर मी चौकटीच्या मागे लागले. पद्धत सोपी आणि जीवघेणी. भांडणाऱ्या नंबराला एका कंप्यूटरवरून सारख्या हाका मारत ठेवायच्या आणि डबीतून एकेक वायर उपटत जायचं. ज्या वायरीला हाकेचं उत्तर थांबलं, तो चोर. वायर उपटली की त्या टेबलावरची मुलगी किंचाळायची, कारण तिच्या डॉक्टरांचं अर्धं वाक्य हवेत राहायचं. चोर सापडे, मी नंबर दुरुस्त करी, तो माणूस डोळे विस्फारून म्हणे, "अय्यो, हे कसं झालं?" दुसऱ्या दिवशी चोर वेगळा. पहिल्यांदा अठरावर भांडण. मग सत्तावीसवर. मग छत्तीस, मग पंचेचाळीस. मला वाटलं व्हायरस आहे. मग वाटलं, कंप्यूटरात वायर जोडायची कार्डं स्वस्तातली आणलीत, तीच बोंबलली. उंदरांचासुद्धा संशय घेतला मी. उंदीर वायर कुरतडेल, नंबर कशाला बदलेल? पण माणूस वैतागला की त्याला उंदरातही अक्कल दिसते.

गंमत म्हणजे सर खूश होते. "अम्मा, शिस्त बघ! सगळे वेळेच्या आधी यायला लागलेत." खरंच यायला लागले होते. कुकटपल्लीहून दोन बस बदलून येणारी माझ्या शेजारची मैत्रीण, जी कधी दहाच्या आत उगवली नाही, ती माझ्या आधी येऊन बसायची. मी म्हटलं, घरी सासू आली असेल.

उलगडा झाला तो आमच्या स्वयंपाकघरात. पोळ्या लाटता लाटता मी पुटपुटत होते, "अठरा... सत्तावीस... छत्तीस... पंचेचाळीस..."

बाहेरून, पेपर तोंडावरून न काढता, अण्णा म्हणाले, "चोपन्न."

"काय?"

"नऊ सक चोपन्न. विसरलीस वाटतं? दिवेलागणीला रोज म्हणून घ्यायचो तुझ्याकडून. आणि रोज तू तिथेच अडायचीस."

लाटणं हातात राहिलं आणि पोळी तव्यावर करपली. नऊचा पाढा! माझ्या ऑफिसात कुणीतरी नऊचा पाढा म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला जिन्यात गाठलं. आधी तिनं आढेवेढे घेतले, मग भडाभडा बोलली. सगळ्याच्या मुळाशी सरांची गाडी. सरांनी नवी गाडी घेतली आणि नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज नऊ येईपर्यंत ती शोरूममध्येच ठेवली, हे आम्हाला माहीत होतं. हैदराबादेत यात नवल नाही. इथे लोक गाडी बेताची घेतील, नंबर राजाचा घेतील. त्यात हिशेब बघणाऱ्या चाचांचा कंप्यूटर कधी बंद पडत नसे. एकदा कुणाच्या तरी लक्षात आलं की चाचांच्या मॉनिटरवर माझ्या हातचा सत्तावीस आहे. दोन आणि सात, नऊ! झालं. ज्याला त्याला नऊवाला नंबर हवा. नंबर कसा बदलायचा ते माझ्या खांद्यावरून बघून बघून सगळे शिकले होते. आणि आधी येईल त्याचा नंबर म्हणून बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसे सकाळी धावत येत होते.

"तू पण?" मी विचारलं.

"माझा छत्तीस," ती लाजून म्हणाली. "घेतल्यापासून दोन स्थळं आली."

मी इतकी चिडले की मला हसूच आलं. मग मी लिहून लावलं की नंबर बदलणं मना आहे. दुसऱ्या दिवशी तो कागद बाथरूमच्या दारावर, चिरलेल्या काचेवर चिकटवलेला. मी रागावले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सकाळी पुन्हा चौकट. कुणाला काही सांगावं तर "हौ मॅडम, हौ मॅडम." पालथ्या घड्यावर पाणी.

चाचांकडे गेले. चाचा म्हणजे अस्सल हैदराबादी. सरकारी खजिन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. पांढरा स्वच्छ झब्बा, पानाची डबी, आणि कंप्यूटर सुरू करायच्या आधी त्याच्याकडे बघून गळा खाकरायची सवय, जणू आत कुणी बसलंय. अख्ख्या ऑफिसात सर सोडले तर मला "मॅडम" न म्हणणारे ते एकटेच.

"चाचा, तुम्ही तरी समजवा ना यांना."

"मैं क्या समझाऊँ बेटा," ते म्हणाले. "मेरेकू तो तुमीच दिए थे सत्ताईस. अच्छा हाथ है तुमारा." आणि मला एक पान दिलं. पानापुढे काय भांडणार?

सरांकडे गेले तर ते खुर्चीत मागे रेलून हसले. "सुपरस्टिशन! आपण एकविसाव्या शतकाच्या दारात उभे, आणि हे लोक... तू बघ अम्मा. पण गोरा यायच्या आत."

रात्रभर नाही, पण मोपेडवरून घरी जाताना चौकाचौकात विचार करत गेले. रागावून होत नाही, पहारा ठेवून होत नाही. आणि एका सिग्नलला थांबलेली असताना सुचलं. अरे, यांना नऊ पाहिजे ना? घ्या की! शेवटचा नंबर दोनशे चोपन्नपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या आत नऊचा पाढा किती वेळा बसतो? अठ्ठावीस वेळा. नऊच्या पटीतल्या कुठल्याही आकड्याची बेरीज फिरून नऊच. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून मारून मला सिग्नलवरून हाकललं, तेव्हा मी मोठ्यानं पाढा म्हणत होते.

अठ्ठावीस नऊ, आणि ऑफिसात कंप्यूटर एकोणतीस. एक कमी पडला. तो कुणाचा, यात विचार करायचंच नव्हतं. माझा. माझ्याच मशीनमधून अमेरिकेची लाइन बाहेर जायची. सगळ्यांना बाहेर पडायचं तर माझ्या दारातून. मी स्वतःला आठ घेतला. का, तर रागानं. शनीचा आकडा म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं, म्हणजे माझ्याशी भांडायला तरी कुणी येणार नाही.

नंबर वाटायचा दिवस म्हणजे लग्नातला आहेरच. प्रत्येकाला विचारून दिले. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "अम्मा, तो नुसता नऊ मला दे. तसं काही नाही गं. लक्षात राहायला सोपा."

"हो सर," मी म्हटलं. चेहरा इतका सरळ मी आयुष्यात ठेवला नव्हता.

"पण बाहेर जायचं तर आठमधून?" मैत्रीण कुरकुरली. "शनीच्या दारातून?"

"शिंगणापूर माहीत आहे का तुला? शनी राखण करतो तिथे घरांना दारं लागत नाहीत," मी ठोकून दिलं. तिला ते पटलं. आठवडाभर एक चौकट नाही. ऑफिस कसं शांत, डबीतले दिवे कसे लुकलुकतायत, आणि मी राणीसारखी फिरतेय.

घरी अण्णांना सगळं सांगितलं. पोट धरून हसले. "थोतांड! शिकलेली माणसं ही! आकड्यात काय आहे?" मग पेपर वर धरला. बराच वेळ पान उलटलं नाही. आणि पेपरामागून आवाज आला, "तुला आठच घ्यायचा होता का गं?"

गोरा साहेब यायच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. सर सुटाबुटात. साहेब आला, उंचापुरा, घामाघूम, हसरा. त्याला इराण्याकडची चहाबिस्किटं दिली. मी माझं मशीन सुरू केलं. लाइनचं बिल मिनिटावर चढायचं म्हणून संध्याकाळी मी ते बंद करून जायची. मशीन सुरू झालं, आणि चौकट.

आठ दुसऱ्याने घेतलेला आहे.

मी डोळे चोळले. चौकट तशीच. अख्ख्या हैदराबादेत कुणाला नको असलेला नंबर, आणि तो माझ्या आधी कुणीतरी घेऊन बसलाय! बाहेर टाइप करणाऱ्या मुली ओरडायला लागल्या, फायली जात नाहीत. कशा जातील? सगळ्यांना मीच सांगून ठेवलेलं, अमेरिका आठच्या दारातून. आणि आठचं दार आता भलत्याच घरात.

सर केबिनमधून बाहेर आले. हसू साहेबासाठी तोंडावर तसंच ठेवून दातांतून म्हणाले, "चहा संपेपर्यंत. नाहीतर पत्र फाडतो."

वायरी उपटायला वेळ नव्हता. मी मैत्रिणीच्या मशीनवर बसले आणि पाढा म्हणत एकेका नंबराला हाक मारली. ज्यानं आठ घेतला, त्याचा जुना नंबर रिकामा असणार. नऊनं उत्तर दिलं. अठरानं दिलं. सत्तावीस गप्प.

सत्तावीस?

मी चाचांच्या टेबलाशी धावले. चाचा शांत बसले होते, पान चघळत.

"चाचा! तुम्ही नंबर बदलला?"

"हौ," ते म्हणाले. "कल शाम कू. तुम गए बाद. और सुबे सबसे पैले आके चालू बी कर दिया."

"कायकू चाचा?" माझा आवाज फाटला. "तुमचा सत्तावीस सोडून? आठ कायकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड.

"सब कू नौ दे के तुम आठ लेके बैठे. आज बड़ा दिन है तुमारा. मैं बोला, ये बला मेरेकू आने दो. मैं बुड्ढा आदमी, मेरा क्या बिगड़ता? मैं आठ ले लिया तो तुमारे सर से उतर गया ना?"

एक नंबर दोघांना मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या हिशेबात त्यांनी तो घेतला की माझ्याकडून तो गेलाच. मला रडू आलं आणि भयंकर संतापही आला. "चाचा, हौले आहात तुम्ही, अगदी खुळे," म्हणत मी त्यांच्या मशीनला परत सत्तावीस घातला, ते बंद करून चालू केलं, धावत जाऊन माझं चालू केलं. या वेळी चौकट आली नाही. डबीतला हिरवा दिवा लुकलुकला. आत साहेब तिसरं बिस्किट बुडवत होता. ते तुटून चहात पडलं, तो हसत बसला, आणि तोवर फायली निघाल्या. काम बघून साहेब खूश होऊन गेला.

मग सरांनी मला आत बोलावलं. पत्र टेबलावर होतं, पेन हातात.

"कुणी केलं? त्या माणसाला आज घरी पाठवतो. नाव सांग, आणि हे घेऊन जा."

खजिन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? "कुणी नाही सर," मी म्हटलं. "माझ्याच मशीनमध्ये काहीतरी झालं."

"मग मी सही कशावर करू? तूच म्हणतेस तुझं मशीन बिघडलं." त्यांनी पेनला टोपण लावलं.

टोपणाचा टक् आवाज अजून ऐकू येतो मला. डोळ्यांपुढे काळे कोट आणि अॅफिडेव्हिटांचे गठ्ठे. आणि मागून दार वाजलं.

"साब, मैं लिया था आठ," चाचा म्हणाले. "बच्ची पे सितारा भारी हो रा था. गलती मेरी. मेरेकू भेजो घर."

सर उठून उभे राहिले. "चाचा! तुम्ही? सिनियर माणूस! असल्या खुळचट आकड्यांच्या पायी..."

माझं डोकं फिरलं. नाकावरचा राग, कुठे जाणार!

"सर," मी म्हटलं, "नऊ कसा लक्षात राहायला सोपा असतो. तसा चाचांना आठ सोपा वाटला असेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे, मग खिडकीबाहेर उभ्या आपल्या गाडीकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. खाली बसले, टोपण काढलं आणि सही केली.

"जा दोघं," ते म्हणाले. "आणि बाहेर काही बोलू नका."

घरी पत्र अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी शिक्का बघितला, सही बघितली, उजेडात धरून बघितलं, आणि देवापुढे ठेवलं. वकिलांकडे फोन करायला स्वतःच शेजारी गेले.

चाचांचा सत्तावीस आणि माझा आठ, पुढे बरीच वर्षं तसेच राहिले. रोज सकाळी आल्यावर कंप्यूटरकडे बघून गळा खाकरायच्या आधी ते माझ्या टेबलाशी थांबत. "आठ ठीक है?" "ठीक है चाचा." मग ते जात. एका सकाळी ते आले नाहीत, आणि मग कधीच आले नाहीत. त्यांचा सत्तावीस माझ्याकडे कितीजणांनी मागितला. मी दिला नाही.

आता नंबर कुणी वाटत नाही. कंप्यूटर सकाळी उठतात आणि आपापला पत्ता आपोआप घेतात. कुणाच्या वाट्याला काय आलं हे कुणाला ठाऊकही नसतं. माझंच काम सोपं झालं, मी तक्रार कशाला करू? पण एखाद्या दिवशी मुद्दाम उघडून बघते, आज मला कितवा आला. आणि आठ निघाला, तर उगीचच मागे वळून बघते.